नवाबच्या टाकीत हात घालू नये

पोळ्याच्या आठवड्यात चिखलीतल्या आमच्या कॉलनीत बातमी फिरली, की महामाया सिस्टरनी माशाला सलाईन लावली.

बातमी सोडली रुक्मिणीबाईंनी. त्या सकाळी बीपी तपासायला गेल्या होत्या. दार लोटलेलं दिसलं म्हणून खिडकीतून डोकावल्या, आणि बीपी न तपासताच माघारी आल्या. "खिळ्याले बाटली टांगेल, बाटलीले नळी, नळीतून टपटप टपटप, अन् खाली भगुणं! सिस्टर बसल्या खुर्चीवर, घड्याळाकडे पाहून राह्यल्या. मासा काही वाचत नाही बाई आता." दहा वाजेपर्यंत किराणा दुकानापाशी त्या बाटलीत रक्त भरलं गेलं. दुपारी पिठाच्या चक्कीवर मासा आयसीयूत होता. संध्याकाळी उत्तमराव गुरुजी हातात नारळ घेऊन सिस्टरांच्या फाटकात येऊन उभे राहिले. नारळ बरं होण्यासाठी की गेल्याबद्दल, हे त्यांचंही ठरलेलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की मासा ठणठणीत होता. नळी सलाईनचीच होती, पण मेडिकलमधून विकत आणलेली. बाटलीत माशाच्याच टाकीतलं पाणी होतं. आणि खाली भगुण्यात, दुकानातून आणलेल्या पाण्यात, बसली होती एक पिवळी गोगलगाय. नव्या जिवाला एका पाण्यातून काढून थेट दुसऱ्या पाण्यात टाकलं तर त्याला धक्का बसतो. म्हणून आपल्या घरचं पाणी थेंबाथेंबानं त्याच्या पाण्यात मिसळायचं, तास-दीड तास, आणि मग त्याला टाकीत सोडायचं. चौतीस वर्षं नळीच्या चाकावर अंगठा ठेवून माणसांना थेंब मोजून देणाऱ्या बाईला हे कोणी शिकवायला लागत नाही.

ही एवढी साधी गोष्ट त्या दिवशी सिस्टरनी फाटकात उभं राहून अकरा जणांना अकरा वेळा सांगितली. बारावे गुरुजी. त्यांना त्या एवढंच म्हणाल्या, "नारळ ठेवून द्या गुरुजी. कामी येईन कोनाच्या तरी."

गोगलगाय त्यांनी हौसेनं आणलेलीच नव्हती. लोकांनी आणायला लावली.

महामाया हिवाळे सिस्टर गेल्या वर्षी रिटायर झाल्या. लसीचा डबा खांद्याला अडकवून त्यांनी या तालुक्यातल्या किती वाड्या पायाखाली घातल्या त्याची गणती नाही. चिखलीत आज जी माणसं मिशीला पीळ देत हिंडतात, त्यांतल्या निम्म्यांना यांनी मांडीत सुई टोचून रडवलेलं आहे. बोलणं तुटक. रागावल्या की मात्र आवाज चढत नाही, उलटा खाली जातो आणि भाषा सरकारी होते. "काऊन आला नाही?" इथपर्यंत सगळं ठीक असतं. "सदर बाळाचा डोस कोणाच्या हलगर्जीपणामुळे राहिला?" असं आलं, की खेड्यातले सरपंचसुद्धा उठून उभे राहायचे.

निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि नव्या डॉक्टरीणबाईंनी काचेची एक बरणी हातात दिली. आत निळा मासा, पदर सोडल्यासारखे पर, कडेला लाल झाक. फायटर. "सिस्टर, आता तुम्हाला हा एकच पेशंट." सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी बरणी डोळ्यांसमोर धरली. अर्धा किलो लोणचं मावेल एवढी बरणी. "याले वळाले तरी जागा आहे का?" त्या म्हणाल्या. निरोपाचं भाषण त्यांनी तेवढंच केलं.

घरी आल्यावर माशानं तीन दिवस दाण्याकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी सावकाश वर आला, एक दाणा उचलला आणि पाठ फिरवून निघून गेला. तिथेच त्याचं नाव नवाब पडलं.

मग सिस्टर कामाला लागल्या. खिडक्यांच्या काचा बसवणारे हैदरभाई आहेत, त्यांच्याकडून चाळीस लिटरची टाकी करून घेतली. हैदरभाईंनी जन्मात टाकी केली नव्हती. "खिडकीच समजा सिस्टर, फक्त इसमें से पानी नै गिरना मंगताय." वर झाकण हवं, कारण फायटर उडी मारतो. आत थर्मामीटर हवा, कारण पाणी सव्वीसच्या खाली गेलं की नवाब सुस्तावतो. आपल्याकडे नळ आठ दिवसांनी येतो आणि येतो तो ब्लीचिंगच्या वासासकट, त्यामुळे ड्रममध्ये दोन-तीन दिवस मुरलेलंच पाणी त्याला द्यायचं. एक वही केली. तारीख, वेळ, तापमान, खाल्लं, शी झाली. सगळं वॉर्डात असतं तसं.

नवाबकडून त्यांना काडीचा त्रास नव्हता. त्रास होता तो माणसांचा, आणि तोही सिस्टरांच्याच चांगुलपणातून उभा राहिलेला.

रोज सकाळी आठ ते नऊ सिस्टर कॉलनीतल्या कोणाचंही बीपी फुकट तपासतात. नियम ठरलेले. चपला बाहेर, हात धुवायचे, आणि पट्टा बांधण्याआधी खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसायचं, म्हणजे आकडा खरा येतो. ती खुर्ची टाकीच्या बरोबर समोर आहे. आता चिखलीतला माणूस पाच मिनिटं गप्प कसा बसेल? तो माशाकडे पाहतो. पाहिलं की त्याला कळवळा येतो.

"एकटाच हाये का हो?"

"हाव."

"करमत असन का त्याले?"

"त्याले एकटंच लागते. जात तशीच आहे त्याची."

"असं कुठी असते काय सिस्टर! एवढं मोठं घर अन् एकटा जीव. कसंतरीच वाटते पाहून." मग एक उसासा, आणि नजर टाकीवरून हळूच सिस्टरांवर. सिस्टर एकट्या राहतात. मालक जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा प्रेम पुण्याला. ती नजर सिस्टरांना कळते. त्या पट्टा जरा जास्तच आवळतात.

कळवळ्यानंतर आला खाऊ. आपल्याकडे तळ्यावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची पद्धत आहे. कोणी पुण्य म्हणून टाकतं, कोणी सवाब म्हणून, कोणी ग्रहांसाठी. तळं आहे लांब, आणि सिस्टरांचा मासा हाताशी. रुक्मिणीबाई शनिवारच्या गोळ्या पदराच्या गाठीत बांधून येऊ लागल्या. शेजारच्या गौसिया आपा शुक्रवारी. नवाबची भूक किती? त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन दाणे, रविवारी उपास. पण सिस्टर आत मशीन आणायला गेल्या, की झाकण उचललं जाई आणि "घे बाप्पा, खाय" होई.

श्रावणात एक दिवस नवाब फुगला. लिंबाच्या बीसारखं पोट, अंग एका कुशीवर, पोहायला गेला की उलटा. सिस्टरनी वहीत लिहिलं, "पोटफुगी. बाहेरचे अन्न." तीन दिवस त्याला काही द्यायचं नाही, पाणी गरम ठेवायचं, एवढंच औषध. त्या तीन दिवसांत बाहेर काय उठलं?

"सिस्टर माशाले उपाशी मारून राह्यल्या."

"पेन्शन भेटते म्हणे त्याहिले. अन् माशाले दोन दाणे जड झाले काय?"

गौसिया आपा तर डोळ्यांत पाणी आणून भिंतीवरून म्हणाल्या, "बेजुबान है सिस्टर. आमच्याकडून न्या ना पीठ."

सिस्टर भिंतीजवळ आल्या. मग आवाज खाली गेला. "आपा, सदर पेशंटला पीठ दिल्यामुळेच सदर पेशंट उलटा झालेला आहे."

चौथ्या दिवशी नवाब सरळ झाला. टाकीवर पाटी लागली: 'खाऊ टाकू नये. हात घालू नये. हुकमावरून.' लोक ती पाटी मोठ्यानं वाचत आणि मग झाकणाला हात घालत.

खाऊ थोडा थांबला, तर सोबत सुरू झाली. उत्तमराव गुरुजी मलकापूरला भाचीकडे गेले होते, तिथून पिशवीत लाल फायटर घेऊन आले. सिस्टर आत चहा टाकत होत्या. गुरुजींनी विचारलं नाही, सांगितलं नाही, पिशवी टाकीत ओतली. चाळीस वर्षं शाळेत एका बाकावर भांडखोर पोरं बसवून त्यांनी मैत्री घडवलेली होती म्हणे. "शेजारी शेजारी बसले की निवतात. थोडं होऊ द्या सिस्टर, थोडं होऊ द्या!" असं ते म्हणेपर्यंत दोघांचे कल्ले पिसाऱ्यासारखे उभे राहिले आणि निळ्या पराचा एक तुकडा पाण्यात तरंगायला लागला. सिस्टरनी चहाची गाळणी, चहापत्ती झटकून, टाकीत घातली आणि लाल्याला उचलून पातेल्यात टाकलं. गुरुजी पाहत राहिले. "टाके घालावे लागतीन का?"

"गुरुजी," सिस्टर म्हणाल्या, "घरी जा. हे पातेलं घेऊन जा."

लाल्या अजून गुरुजींकडे आहे. वेगळ्या टाकीत, एकटा, मजेत.

मग गौसिया आपांची अलीजा, आठवीतली, खाऊच्या पैशांतून एक गप्पी घेऊन आली. मोठ्या प्रेमानं आणि चांगली सिस्टरांना विचारून. पण गप्पीची शेपटी केशरी आणि झालरीची. नवाबला वाटलं हाही आपल्याच जातीचा, आपल्याच घरात घुसलेला. सिस्टर डोळा ठेवून होत्या म्हणून गप्पी वाचला, शेपटीची मात्र झालर गेली. अलीजा गप्पीला परत पिशवीत घेऊन रडली. सिस्टरांना पोरीसमोर सरकारी भाषा काही सुचेना. त्या रात्री जेवताना त्यांनी हिशेब मांडला, पैशांचा नव्हे, माणसांचा. कॉलनीत घरं साठ. प्रत्येक घरात एक कळवळा. आपण काही आणलं नाही, तर हे साठ जण साठ मासे आणतील, आणि नवाब त्यात जाईल. तेव्हा सोबत आणायची, पण आपण निवडून आणायची. लोकांची तोंडं बंद होतील अशी, आणि नवाबच्या डोळ्यांत न खुपणारी.

बुलढाण्याचा घाट उतरून एसटीनं त्या मलकापूरला गेल्या. तिथे कलीमभाईंचं माशांचं दुकान आहे, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात अर्धी भिंत टाक्यांची. सिस्टर स्टुलावर बसल्या, पर्समधून कागद काढला आणि स्थळ पाहायला आल्यासारखी चौकशी सुरू केली.

"हा पट्ट्यापट्ट्याचा कसा आहे?"

"एक नंबर सिस्टर. चपळ."

"चावतो का?"

"चावत नाही. थोडं कुरतडते, बस."

"नको. तो सोनेरी?"

"गोल्डफिश. सगळे नेतात."

"त्याले थंड पाणी लागते, माह्याले गरम. अन् घाण किती करतो! नको. हे तळाशी बसलेले, मिशीवाले?"

"ते चांगले हायेत. फायटरसंगं राहतात. पण सहाच्या खाली देत नाही मी, एकटे राह्यले की घाबरतात ते."

"सहा जण अन् नवाब, चाळीस लिटरमध्ये? दाटी होईल. लांब शेपूट नको, भडक रंगाचा पर नको, मधे मधे करणारा नको. असं कोणी आहे का, जे आपल्या रस्त्यानं जाईल?"

कलीमभाईंनी डोकं खाजवलं. त्यांच्या दुकानात इतका विचार करून कोणी आलं नव्हतं. शेवटी त्यांनी काचेला चिकटलेली एक पिवळी गोगलगाय बोटानं दाखवली. लिंबाएवढी, शंखाला छोटं दार, पुढे दोन लांब मिशा. "ही पाहा. कोनाच्या घेण्यात नाही, देण्यात नाही."

तीच ही गोगलगाय, जिच्यापायी सलाईनची बातमी उठली.

नवाबनं पहिल्या दिवशी तिच्या मिशीला एकदा चावून पाहिलं. तिनं दार लावून घेतलं. तो पाहत बसला, कंटाळला, निघून गेला. चार दिवसांत दोघांचं जमलं, म्हणजे दोघांनी एकमेकांना ओळख दाखवणं सोडलं. वहीत नोंद झाली: "शांत." सिस्टर त्या आठवड्यात पहिल्यांदा दुपारी झोपल्या.

कॉलनी मात्र नाराज. "हे काय सोबत म्हनाव? बोलत नाही, चालत नाही." रुक्मिणीबाईंना तर ती वस्तू घरात ठेवायची असते हेच पटेना. पण 'एकटा' हा शब्द बंद झाला. सिस्टरांना तेवढंच हवं होतं.

मग सोमवारी गुलाबराव आले.

गुलाबराव जवळच्या खेड्यातले. त्यांच्या तिन्ही पोरांना सिस्टरनी डोस दिलेले, त्यामुळे बाजाराला आले की मक्याची कणसं घेऊन यायचे आणि बीपी तपासून जायचे. या पावसाळ्यात त्यांच्याकडे सोयाबीनवर गोगलगायी सुटल्या होत्या. दोन पानांची रोपं रात्रीतून फस्त. सारं घर अंधार पडला की बॅटऱ्या घेऊन गोगलगायी वेचायचं आणि मिठाच्या ड्रममध्ये टाकायचं. गुलाबराव खुर्चीवर बसले. पाच मिनिटं गप्प बसायचं म्हणून समोर पाहिलं. काचेवर, पाण्याच्या वरच्या कडेला, लिंबाएवढी गोगलगाय.

सिस्टर आत मशीनचा फुगा बदलत होत्या. गुलाबराव उठले, ओट्यावरची खड्या मिठाची बरणी उघडली, टाकीचं झाकण उचललं आणि दोन मुठी मीठ तिच्यावर सोडलं. बसले. हात झटकले. सिस्टर आल्यावर समाधानानं म्हणाले, "तुमच्या पाण्यात गोगलगाय शिरली होती सिस्टर. मारली म्या. एक दिसली म्हंजे शंभर असतात."

सिस्टरांच्या हातातला पट्टा तसाच राहिला. गोगलगाय दार लावून तळाला आडवी पडली होती. तिच्याभोवती मीठ विरघळत होतं. नवाब वर, कोपऱ्यात, पर मिटून, भराभर तोंड उघडत होता.

"गुलाबराव," आवाज इतका खाली गेला, की गुलाबरावांना पुढे वाकावं लागलं, "सदर गोगलगाय मी स्वतः मलकापूरहून आणलेली आहे."

गुलाबरावांचं बीपी त्या क्षणी कोणी घ्यायला हवं होतं.

मग सिस्टर हलल्या. गोगलगाय उचलून साध्या पाण्यात. रबरी नळीनं टाकीतलं अर्धं पाणी मोरीत. पण नवं पाणी कुठून आणणार? घरचा ड्रम तळाला गेलेला आणि नळ गुरुवारी. सिस्टर फाटकात आल्या आणि त्यांनी हाक मारली. चौतीस वर्षांत खेड्यातल्या अंगणात उभं राहून मारायच्या तशी. पाच मिनिटांत पाच घरांच्या बादल्या दारात आल्या.

"कधीचं?"

"गेल्या गुरुवारचं."

"ओत. तुमचं आपा?"

"एकदम साफ सिस्टर. तुरटी फिरवली मी."

"मग नको."

"आमी तर पेतो ना!"

"तुमी प्या. नवाब नाही पेत. गुरुजी, तुमचं?"

"लाल्याचंच आहे, मुरवलेलं." गुरुजी हळूच म्हणाले. सिस्टरनी गुरुजींकडे त्या दिवशी पहिल्यांदा बऱ्या नजरेनं पाहिलं. थर्मामीटर घालून, गरम पाण्याची किटली जोडून, तांब्या-तांब्यानं टाकी भरली. चार वाजता नवाबनं पर सोडले. सहाला एक दाणा घेतला आणि पाठ फिरवली. सिस्टर तिथेच जमिनीवर बसल्या. गुलाबराव दारात उभेच होते, टोपी हातात. "मले काय माहीत हो माय," ते दहाव्यांदा म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "माहीत नव्हतं तर विचारलं काऊन नाही? पाटी वाचता येत नाही? चौतीस वर्षं मी एकच सांगून राह्यली, हात लावायच्या आधी विचारा. कोणाच्या कानात जात नाही ते?" पहिल्यांदाच आवाज चढला होता. मग त्यांनी गुलाबरावांना बसवलं, पाच मिनिटं, आणि बीपी घेतलं.

नवाब वाचला. गोगलगायीचं काही कळेना. ती पहिल्या दिवशी उघडली नाही, दुसऱ्या दिवशी उघडली नाही. सिस्टर तिला दर दोन तासांनी उचलून नाकाशी धरत.

त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच, त्यामुळे या भानगडीत मी होतेच. आमचीही बादली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी म्हटलं, "सिस्टर, मेली ती."

"तू पाहिलं?"

"दोन दिवस झाले. मीठ म्हणजे काय, आख्ख्या दोन मुठी."

"दार घट्ट आहे. मेलेलीचं दार लोंबते, अन् वास सुटतो. ही तळ्यासारखी वासते. मढ्यासारखी नाही."

"मेलीच आहे. पैज."

मला वाटलं झिडकारतील. पण त्या थकलेल्या होत्या, आणि कोणीतरी समोरासमोर भांडायला हवं होतं बहुतेक. "लाव. उद्या सांजेपर्यंत उघडली तर नवाबचं पाणी दर रविवारी तू बदलायचं. संक्रांतीपर्यंत. नाही उघडली तर..." त्या थांबल्या. "नाही उघडली तर पाहू."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले ती सरळ तिकडेच गेले. सिस्टर खुर्चीवर होत्या, चष्मा कपाळावर, वही मांडीवर. भगुण्यात शंख कालच्यासारखाच पडलेला. "पाहा," मी म्हटलं. त्यांनी बोटानं घड्याळ दाखवलं. सव्वापाचला दाराची एक कड उचलली. फटीतून केसाएवढी एक मिशी बाहेर आली, परत आत गेली, परत बाहेर आली. सिस्टरनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वहीत लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

रविवारी सकाळी मी नळीचं एक टोक टाकीत सोडलं आणि दुसरं तोंडात धरून ओढलं, जरा जास्तच. नवाबचं सगळं पाणी घशात.

"थुंक," सिस्टर म्हणाल्या. "अन् हळू ओढ. संक्रांतीले अजून लय रविवार आहेत."